गाईड घेतलं का? – इंग्रजीच्या नोट्सची दोनशे वर्षे

स्मरणिका समितीचा फोन आला तेव्हा माझ्याकडे 'संगणक क्षेत्रातील संधी' या विषयावर लेख मागितला होता. मी होकार दिला आणि दोन महिने काहीच लिहिले नाही. त्या संधींबद्दल आपल्या मुलांना माझ्यापेक्षा जास्त माहिती आहे. मग आईच्या घरी माळा आवरताना वर्तमानपत्राचे कव्हर घातलेले एक पुस्तक सापडले. दहावीच्या इंग्रजीचे गाईड! कव्हर वर्तमानपत्राचे, कारण खाकी कव्हर घातले तर ते पाठ्यपुस्तकात मिसळून हरवायचे आणि कव्हर न घालता वर्गात नेले तर बाई जप्त करायच्या. प्रकाशनाचे नाव सांगत नाही, पण १९९६ च्या बॅचला ते कोणते हे सांगायची गरजही नाही.

समितीची क्षमा मागून मी विषय बदलला. आपण इंग्रजीचे धडे आणि कविता शिकलो त्या या गाईड, नोट्स आणि 'अपेक्षित'च्या आधाराने. या गोष्टी आल्या कुठून? शोधायला लागले, तर धागा थेट दोनशे वर्षे मागे गेला. मी इतिहासाची अभ्यासक नाही, शिक्षणाने अभियंता आहे. पण एखादी प्रणाली बिघडली की ती पहिल्यांदा कोणी, कशासाठी बांधली हे आधी पाहायचे, ही सवय या धंद्याने लावली आहे.

दोन बायका, दोन पुस्तके, एकच साल

आठवतं का, ऑफ तासाला बाई आपल्याला 'व्हेनिसचा व्यापारी' सांगायच्या? पोर्शिया वकिलाचा वेश घालून कोर्टात येते तिथे बाई टेबलामागून पुढे यायच्या, आणि शायलॉक सुरी पाजळतो तिथे खडूची पेटी बुटावर घासायच्या. पुढे कधीतरी त्यांनीच सांगितले की ही गोष्ट त्यांनी मूळ नाटकातून नव्हे, तर लॅम्ब भावंडांच्या पुस्तकातून वाचली होती.

ते पुस्तक १८०७ सालचे. चार्ल्स लॅम्ब आणि त्याची थोरली बहीण मेरी यांनी शेक्सपियरच्या वीस नाटकांच्या गोष्टी मुलांसाठी सोप्या गद्यात लिहिल्या. लंडनमध्ये विल्यम गॉडविन आणि त्याची पत्नी मेरी जेन यांनी त्या छापल्या. वीसपैकी चौदा गोष्टी मेरीच्या होत्या आणि सहा शोकांतिका चार्ल्सच्या. पहिल्या आवृत्तीवर नाव मात्र एकट्या चार्ल्सचे होते. मेरी शिवणकाम करून घर चालवायला हातभार लावत असे. तिला मानसिक आजाराचे झटके येत. अशाच एका झटक्यात १७९६ साली तिच्या हातून आईचा जीव गेला. त्यानंतर भावाने तिची जबाबदारी जन्मभर उचलली. त्या बाईने लिहिलेल्या गोष्टी आज दोनशे वर्षांनंतरही छापल्या जातात.

पुस्तकाच्या प्रस्तावनेत हे लेखन विशेषतः मुलींसाठी असल्याचे म्हटले आहे. कारण असे दिले आहे की मुलांना वडिलांच्या पुस्तकांच्या कपाटाला लवकर हात लावता येतो, मुलींना येत नाही. म्हणजे शेक्सपियरचे हे आद्य 'गाईड' परीक्षेसाठी जन्मलेच नव्हते. ज्यांच्यासाठी कपाटाला कुलूप होते, त्यांच्यासाठी ती एक किल्ली होती.

त्याच १८०७ साली बाथ शहरात दुसरे एक पुस्तक निघाले. शेक्सपियरची वीस नाटके, पण कुटुंबात मोठ्याने वाचता येतील अशी, अश्लील वाटणाऱ्या ओळी काढून टाकलेली. त्यावर संपादकाचे नावच नव्हते. १८१८ साली छत्तीस नाटकांची वाढीव आवृत्ती आली ती डॉ. थॉमस बाउडलर या नावाने. त्याच्या आडनावावरून इंग्रजीत एक क्रियापदही तयार झाले, पुस्तकाला अशी कात्री लावणे या अर्थाचे. प्रत्यक्षात पहिल्या आवृत्तीची कात्री त्याची बहीण हेन्रिएटा हिने चालवली होती. अविवाहित बाईला त्या ओळींचा अर्थ कळतो हे उघड होणे त्या काळी शोभणारे नव्हते, म्हणून नाव दडवले असे मानतात.

विद्यार्थ्याला साहित्य द्यायचे तर मूळ कलाकृती किती सोपी करायची आणि त्यातले किती गाळायचे, हे दोन प्रश्न या दोन पुस्तकांनी पुढे ठेवले. आजवर निघालेले प्रत्येक गाईड याच दोन प्रश्नांची उत्तरे देत आले आहे.

वर्ड्‌स्वर्थचा नातू पुण्यात

इंग्रजी साहित्य हा अभ्यासाचा विषय म्हणून कॉलेजात आधी कुठे रुजला, असे विचारले तर आपण ऑक्सफर्ड किंवा केंब्रिज म्हणू. पण ऑक्सफर्डने इंग्रजीची स्वतंत्र पदवी परीक्षा सुरू केली ती १८९४ च्या सुमारास, आणि केंब्रिजने त्यानंतर, १९१७ मध्ये. तिकडच्या विद्वानांना ग्रीक आणि लॅटिन हेच खरे शिक्षण वाटत होते. आपल्याकडे मात्र मेकॉलेचे टिपण १८३५ चे, मुंबई विद्यापीठ १८५७ चे आणि विद्यापीठाची पहिली मॅट्रिक १८५९ ची. त्या पहिल्या मॅट्रिकला उत्तीर्ण झालेल्या मोजक्या मुलांत न्यायमूर्ती रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. इंग्लंडमधल्या मुलाच्या किती तरी आधी पुण्या-मुंबईतला मुलगा इंग्रजी साहित्यात परीक्षा देत होता.

आणि परीक्षा आली की नोट्स आल्याच! लंडनच्या मॅकमिलन कंपनीने हिंदुस्थानातल्या विद्यार्थ्यांसाठी इंग्रजी ग्रंथांच्या सटीप आवृत्त्यांची मालिका काढली. टिपा लिहिणारे बहुतेक इथेच शिकवणारे प्राध्यापक होते. शेक्सपियरच्या नाटकांवर टिपा लिहिणारे डायटन हे आग्रा कॉलेजचे माजी प्राचार्य. बेकनच्या निबंधांवर टिपा लिहिल्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजातल्या सेल्बींनी. कलकत्त्याच्या रो आणि वेब या जोडीचे इंग्रजीच्या अभ्यासावरचे पुस्तकही फार खपले. मूळ मजकूर अर्धा आणि टिपा अर्ध्या, अशी ही पुस्तके असत. विद्यार्थी टिपा पाठ करत, कारण प्रश्न टिपांवरच येत. 'धडा नाही वाचला तरी चालेल, गाईड वाच' हे आपल्या पिढीचे पाप नाही, आपल्या खापरपणजोबांचीच ती परंपरा आहे.

वाचताना मला सर्वांत गंमत वाटली ती एका नावाची. विल्यम वर्ड्‌स्वर्थ हे डेक्कन कॉलेजचे आणि नंतर मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजचे प्राचार्य होते. हे कवी वर्ड्‌स्वर्थचे सख्खे नातू. ज्याच्या कविता पोरे टिपांवरून घोकत होती, त्याचाच नातू समोर उभा राहून शिकवत होता. अशा वर्गात बसलेला एखादा विद्यार्थी आजोबांच्या कवितेवर प्रश्न विचारताना किती चाचरला असेल!

टिळक आणि आगरकर याच डेक्कन कॉलेजात शिकले. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १ जानेवारी १८८० रोजी पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल काढले तेव्हा टिळक त्यांच्याबरोबर होते, आणि पाठोपाठ आगरकर आले. त्यांनी घोकंपट्टीला वेगळे उत्तर दिले. कोल्हापूर प्रकरणात १८८२ साली टिळक-आगरकर डोंगरीच्या तुरुंगात होते. पुढच्याच वर्षी आगरकरांचे 'विकारविलसित' प्रसिद्ध झाले, म्हणजे मराठी हॅम्लेट. त्याच मंडळींतले प्राध्यापक वासुदेव बाळकृष्ण केळकर यांनी शेक्सपियरच्या दुसऱ्या एका नाटकाचे 'त्राटिका' केले आणि ते रंगभूमीवर गाजले. विष्णुशास्त्र्यांनी तर त्याआधीच वडील कृष्णशास्त्री यांनी हाती घेतलेले जॉन्सनच्या 'रासेलस'चे भाषांतर पूर्ण केले होते. परकी कृती खरोखर समजली का, हे पाहायचे असेल तर ती आपल्या भाषेत उभी करून बघा, अशी ही पद्धत होती. बाई आधी गोष्ट मराठीत सांगायच्या आणि मग इंग्रजी धडा उघडायच्या, तेव्हा त्या नकळत याच वाटेने जात होत्या.

तर्खडकर आणि घरातले इंग्रजी

कॉलेजच्या टिपा फार थोड्यांपर्यंत पोहोचल्या. घराघरात पोहोचली ती तर्खडकरांची 'भाषांतर पाठमाला'. इथे एक गोंधळ नेहमी होतो. मराठी व्याकरण लिहिणारे ते दादोबा पांडुरंग तर्खडकर, त्यांचे व्याकरण १८३६ चे. पाठमाला लिहिली द्वारकानाथ राघोबा तर्खडकर यांनी. तिचे तीन भाग. नियम, शब्द, मग मराठी वाक्यांचे इंग्रजी आणि इंग्रजी वाक्यांचे मराठी. माझ्या आजोबांनी तर्खडकरांवरच इंग्रजी शिकून नोकरी मिळवली. म्हातारपणी ते नातवंडांना ऐटीत सांगायचे, "आमचं इंग्रजी तर्खडकरी आहे, तुमच्यासारखं गाईडचं नाही."

पण घरातले हे इंग्रजी सगळ्यांच्या वाट्याला सारखे आले नाही. सावित्रीबाई फुल्यांच्या 'काव्यफुले' या १८५४ च्या संग्रहात शूद्र-अतिशूद्रांनी इंग्रजी शिकावे असे कळकळीने सांगणारी कविता आहे. त्यांच्या लेखी ही भाषा म्हणजे साहेबाची नक्कल नव्हती, पिढ्यान्‌पिढ्या बंद ठेवलेल्या दारातून बाहेर पडायची ती वाट होती. रमाबाई रानडे यांना न्यायमूर्तींनी इंग्रजी शिकवायला घेतले, तेव्हा घरातल्याच बायकांकडून किती टोमणे खावे लागले ते त्यांच्या आठवणींत सविस्तर आले आहे. लॅम्बच्या प्रस्तावनेतले ते कुलूपबंद कपाट आपल्याकडेही होते. इथे तर त्याला दोन कुलपे होती, एक बाईपणाचे आणि एक जातीचे.

ढाक्याचे वेस्ट साहेब आणि सरेंडर व्हॅल्यू

या सगळ्या शोधात मला सर्वांत जास्त विचार करायला लावला तो मायकेल वेस्ट या माणसाने. हे इंग्रज शिक्षणाधिकारी बंगालात होते, ढाक्याच्या अध्यापक विद्यालयाचे प्राचार्य. वर्षानुवर्षे इंग्रजी शिकूनही बंगाली मुलांना साधे पान नीट वाचता येत नाही, हे त्यांनी पाहिले. पाठ्यपुस्तकांची तपासणी केली तेव्हा दोन दोष दिसले. एक, पुस्तकांत जुनाट, साहित्यिक शब्द फार, आणि रोजच्या उपयोगाचे कमी. दोन, नवे शब्द इतके दाटीने येतात की दर ओळीला ठेच लागते. मग त्यांनी नवा शब्द दिल्यावर तो पुन्हा पुन्हा येईल आणि पुढचा नवा शब्द जरा अंतराने येईल, अशी वाचनमाला रचली. प्रसिद्ध गोष्टी मोजक्या शब्दांत पुन्हा सांगितल्या. पुढे १९५३ साली त्यांच्या नावाने सुमारे दोन हजार उपयुक्त इंग्रजी शब्दांची यादी निघाली. जगभर तिच्या आधाराने सोपी पुस्तके तयार झाली. आपल्या शाळेच्या कपाटातली ती पातळ 'रॅपिड रीडर' पुस्तके याच घराण्यातली.

वेस्ट साहेबांनी आणखी एक गोष्ट मांडली, आणि त्यासाठी शब्द उचलला तो विमा व्यवसायातला : सरेंडर व्हॅल्यू. पॉलिसी मुदतीआधी सोडली तर हातात किती पैसे पडतात, ते. त्यांचे म्हणणे असे की शाळेत दाखल झालेल्या मुलांपैकी पुष्कळ मुले मध्येच शाळा सोडतात. मग अभ्यासक्रम शेवटपर्यंत पोहोचणाऱ्यांकडे पाहून कशाला आखायचा? जे मूल तिसऱ्या किंवा पाचव्या वर्षी शाळा सोडेल, त्याच्या पदरात त्या क्षणी काय पडते ते पाहा. व्याकरणाचे अर्धवट नियम पडले तर काही उपयोग नाही. थोडे का होईना, वाचता येत असेल तर ते जन्मभर पुरते. म्हणून त्यांनी वाचनाला पहिले स्थान दिले.

हा विचार १९२० च्या दशकातला आहे. आजही तो नवाच वाटतो.

आपले बोर्ड, आपले गाईड

स्वातंत्र्यानंतरचा इतिहास आपल्या आई-वडिलांनी आणि आपण जगलेला आहे, म्हणून थोडक्यात सांगते. मॅट्रिकची परीक्षा विद्यापीठाकडून बोर्डाकडे गेली. मुंबई राज्यात काही वर्षे इंग्रजी आठवीपासून सुरू होत असे. त्या पिढीतले आपले काका-मामा आजही 'आम्ही आठवीत एबीसीडी शिकलो' असे सांगतात आणि उत्तम इंग्रजी लिहितात. महाराष्ट्राचे माध्यमिक शिक्षण मंडळ १९६६ मध्ये सुरू झाले. २७ जानेवारी १९६७ रोजी बालभारतीची स्थापना झाली. नव्या आकृतिबंधातली पहिली दहावी १९७५ ची. आपल्या वेळी इंग्रजी पाचवीपासून होते, आणि २००० सालापासून ते पहिलीपासून आले.

पुस्तक राज्यभर एक आणि प्रश्नपत्रिका राज्यभर एक झाली, की उत्तरांचा बाजारही राज्यभर एक होणार, हे उघड आहे. नवनीत प्रकाशन १९५९ सालचे. पुढे इतरही अनेक आले. 'गाईड', 'डायजेस्ट', 'एकवीस अपेक्षित' हे शब्द मराठी घरात चहा-साखरेसारखे रुळले. जूनमध्ये शेजारच्या काकू पहिला प्रश्न विचारायच्या तो म्हणजे, "गाईड घेतलं का?"

हे खूळ फक्त आपले, असेही समजू नका. कॅनडात कोल्स नावाच्या पुस्तकविक्रेत्यांनी १९४८ साली अशा नोट्स काढल्या. अमेरिकेत नेब्रास्का राज्यातल्या क्लिफ्टन हिलेगास या गृहस्थाने त्यांच्याकडून हक्क घेऊन १९५८ साली चार हजार डॉलरच्या कर्जावर शेक्सपियरच्या सोळा नाटकांच्या नोट्स छापल्या. त्या काळ्या-पिवळ्या पुस्तिकांवर पुढे अमेरिकेतल्या कित्येक पिढ्या पास झाल्या. इंग्लंडमध्ये बीबीसीने १९९८ पासून शालेय उजळणीचे साहित्य फुकट देऊ केले. ज्यांची मातृभाषा इंग्रजी, त्यांच्या पोरांनाही शेक्सपियरसाठी गाईड लागते, हे दहावीत कळले असते तर किती धीर आला असता!

ब्रेक सैनिक

आता आपल्या वर्गाकडे येते. पूर्वपरीक्षेचा तो किस्सा कोण विसरेल? एका धड्यातल्या सैनिकाचे वर्णन करायचे होते. गाईडात छपाईची चूक होती. 'ब्रेव्ह' या शब्दातले एक अक्षर बदलून तिथे 'ब्रेक' झाले होते. वर्गातल्या सतरा जणांनी इमानेइतबारे लिहिले की सैनिक फार ब्रेक होता. त्या सतरांत मीही होते. बाईंनी पेपर वाटताना कोणालाच ओरडा दिला नाही. फळ्यावर ते वाक्य लिहिले, त्याच्या बाजूला सायकल काढली आणि विचारले, "पुढचा की मागचा?"

आठवड्याभराने बाईंनी स्वतःच्या नोट्स आणल्या. स्टेन्सिल कापून, ऑफिसातल्या सायक्लोस्टाइल मशीनवर शिपाईकाकांबरोबर स्वतः हात काळे करून काढलेल्या. आम्ही अधाशासारख्या उघडल्या आणि हिरमुसलो. त्यात उत्तरेच नव्हती! प्रत्येक धड्याला चार प्रश्न, तेही मराठीत. या धड्यात तुला कोण आवडलं? का? तू तिथे असतीस तर काय केलं असतंस? समासात सात-आठ इंग्रजी शब्द, आणि खाली मोकळ्या ओळी. परीक्षा दीड महिन्यावर आलेली. मला बाईंचा रागच आला. मी त्या कागदांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर भूमिती सोडवली आणि गाईड पाठ केले.

ते गाईड माझे नव्हते. माळ्यावर मला सापडले ते मी नंतर जुन्या बाजारात घेतलेले. मूळचे गाईड होते माझ्या बाकावरच्या मैत्रिणीचे. तिच्या भावाने जिल्ह्याच्या गावाहून तिच्यासाठी मुद्दाम आणले होते. अभ्यासाच्या सुट्टीत मी ते दोन दिवसांसाठी नेले आणि आठव्या दिवशी परत केले. तिने काही म्हटले नाही. मला इंग्रजीत ब्याऐंशी पडले. तिला अठ्ठावीस. बाकीच्या सगळ्या विषयांत ती पास होती, पण तेव्हा एक विषय गेला की दहावीच गेली. ऑक्टोबरचा फॉर्म तिने भरला, मात्र परीक्षेला ती बसली नाही. दिवाळीनंतर तिचे लग्न झाले. नाव लिहीत नाही, तुम्हा सगळ्यांना ते माहीत आहे.

अठ्ठावीस वर्षे हे माझ्या मनात होते. या स्मरणिकेसाठी समितीने बॅचची यादी केली तेव्हा पुन्हा वर आले. यादी शाळेच्या निकाल रजिस्टरवरून केलेली होती, म्हणजे फक्त उत्तीर्णांची. त्यात तिचे नाव नव्हते. मी समितीला फोन केला. कोणाचा वाईट हेतू नव्हता, कोणाच्या लक्षातच आले नव्हते. मग हजेरीपटावरून नव्याने यादी केली आणि आणखी नऊ नावे सापडली. शेवटच्या पानांवरची यादी आता पूर्ण आहे.

तिचा नंबर मिळवून मी फोन केला. ती शिवणकाम करते, गावातल्या बचत गटाचा हिशेब ठेवते. इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर मी धीर करून गाईडचा विषय काढला. ती हसायला लागली.

"अगं, तू आठ दिवस नेलंस ते माझ्या लक्षातसुद्धा नाही. घरी असतं तरी काय झालं असतं? मला मुळात धडाच वाचता येत नव्हता, तर त्याचं उत्तर कुठून वाचणार?"

मग थोडे थांबून म्हणाली, "बाईंचे ते कागद मात्र मी सगळे भरले होते. मराठीत. बाई म्हणाल्या होत्या, मराठीत लिही, चालेल. तेवढंच इंग्रजी मला कळलं."

आणि पुढे जे सांगितले ते मी तिच्या परवानगीने लिहिते. मुलगी दहावीला गेली तेव्हा हिने तिचे इंग्रजीचे पुस्तक रोज दुपारी मशीनजवळ घेऊन बसायला सुरुवात केली. एक एक ओळ बोट ठेवून. अडले की मुलीला विचारायचे. वर्षअखेर पुस्तक वाचून झाले. आज ती औषधाच्या पाकिटावरचे वाचते, बँकेचा फॉर्म वाचते आणि सावकाश का होईना, गोष्टही वाचते.

मला वेस्ट साहेबांची सरेंडर व्हॅल्यू आठवली. आपण ब्याऐंशी मार्क मिळवून इंजिनीअरिंगला गेलो तेव्हा पहिले सहा महिने वर्गात तोंड उघडले नव्हते, कारण पाठ केलेली उत्तरे संपली की पुढे बोलायला काहीच नव्हते. माझी पॉलिसी मुदत भरून मिळाली, तरी त्यातले इंग्रजी मला नोकरी लागल्यावर नव्याने कमवावे लागले. तिच्या बंद पडलेल्या पॉलिसीत मात्र बाईंनी मोकळ्या ओळींचे चार कागद ठेवले होते.

याचा अर्थ गाईड वाईट, असे मी म्हणणार नाही. ज्या घरात इंग्रजी सांगणारे कोणी नाही, त्या घरात गाईड हाच शिकवणीचा मास्तर असतो, आणि माझ्या घरी तसेच होते. माझे वडील एसटीत कंडक्टर होते. त्यांना तिकिटावरचे आकडे सोडून इंग्रजी येत नव्हते. गाईड नसते तर मी पास झाले असते की नाही, सांगता येत नाही. आज माझ्या क्षेत्रातही आम्ही तयार उत्तर शोधून चिकटवतो, आणि आता तर मुले विचारतील त्या प्रश्नाचे उत्तर मोबाईल क्षणात लिहून देतो. फरक एवढाच पडतो की उत्तर वाचून कोणी मूळ धड्याकडे जाते का. मेरी लॅम्बच्या गोष्टी वाचून मुली पुढे मूळ नाटकाकडे जाव्यात, असे त्या प्रस्तावनेत म्हटले होते. ती गोष्ट वाचूनच बाईंनी आपल्याला टेबलामागून पुढे येऊन पोर्शिया दाखवली.

म्हणून एक विनंती करते. स्नेहमेळाव्याच्या निधीतून शाळेला घड्याळ, ट्रॉफी किंवा पोडियम देण्याचे चालले आहे. शाळेत घड्याळे तीन आहेत. त्याऐवजी सोप्या इंग्रजीतल्या गोष्टींच्या पुस्तकांचे एक कपाट देऊ या, पाचवीपासून दहावीपर्यंत चढत्या क्रमाने लावलेले. कुलूप नसलेले. आणि ज्यांच्याकडे बाईंचे ते सायक्लोस्टाइलचे कागद अजून असतील, त्यांनी ते जपून पाठवावेत. माझ्याकडच्यांच्या मागे भूमिती आहे, तरी ते चालतील. मी ते टाईप करून प्रत्येक धड्यासाठी नव्याने तयार करून देईन. आजचे धडे वेगळे आहेत, पण प्रश्न तेच चालतील.

मेळाव्याला ती येणार आहे. पहिल्या रांगेत माझ्या शेजारची खुर्ची तिच्यासाठी ठेवा.